फाटा न फुटलेले पाच

माझ्या चुलत्यांइतका, म्हणजे आबांइतका, हट्टी माणूस मावळात दुसरा नाही, आणि असलाच तर तो त्यांच्याकडूनच शिकला असणार. खोपोलीच्या एका कारखान्यात आबांनी उभी हयात तेलं उकळून वेगळी करण्यात घालवली आणि निवृत्त होऊन कुरवंड्याला आले ते डोक्यात रेणू घेऊनच. भिजवलेल्या हरभऱ्यांत काड्या खोचून ते ओटीवर पेंटेनचा रेणू मांडत, त्याच्या पाच कार्बनचे पाच हरभरे. घरात उसळ कमी पडली की चोर शोधावा लागत नसे. नागफणीची वाट विचारणाऱ्या पर्यटकालाही आधी हेच ऐकावं लागे. "ह्ये पाच सरळ रांगंत. असले लांब रेणू येकमेकाला अंगभर चिकटत्यात, उकळायला छत्तीस अंश लागत्यात. त्याच पाचांना फाटे फोडा, गोळा व्हतो. गोळ्याला गोळा टेकणार किती? धा अंशाच्या आतच वाफ!" पर्यटक बिचारा वाट विचारायचंच विसरून जाई.

माझे वडील थोरले, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांच्यासकट पाच भाऊ, आणि जमीन पाचांच्या नावावर. बंगले बांधणारा एक एजंट प्रत्येकाला एकेकटं गाठू लागला, तशी घरात भांडी आपटू लागली. आबांनी पाचांना एकाच बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसवलं आणि मग त्याला आत घेतलं.

"आबा, उगाच फाटे फोडू नका. सही करा," एजंट म्हणाला.

झालं! "फाटे मी फोडतो? घरोघर फिरून तुमी फोडले! आता ह्यातला येक उठवून दाखवा."

बाकडं करकरलं, पण उठला तो एजंटच.

गेल्या वर्षी दादा गेले. आबांनी रांगेतला कडेचा हरभरा काढला आणि बराच वेळ हातात धरून बसले. "चार म्हंजे ब्युटेन. शून्यालाच उकळतंय. आपल्या थंडीतबी टिकायचं न्हाई." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

महिन्याभरात एजंट पुन्हा हजर. दादांची मी एकुलती एक, लग्न होऊन तळेगावला गेलेली. माझ्यासाठी त्याने हक्कसोडपत्र टाईप करूनच आणलं होतं. "ताई काय, सासरी सुखी आहेत. सोडतीलच." आमच्याकडे लेकी सोडतातच, म्हणून मीही पेन हातात घेतलं. आबांनी ते काढून घेतलं, माझ्या दुसऱ्या हातातला चहाचा ट्रे एजंटच्या मांडीवर ठेवला आणि बाकड्याच्या रिकाम्या कडेवर थाप मारली.

"हितं बस."

चुलत्यांच्या बरोबरीने बाकड्यावर मी कधी बसले नव्हते. बसले, पण थोडं अंतर ठेवून.

"सरक," आबा समोर बघत म्हणाले. "अंगाला अंग लागू दे."

मी सरकले. दादांच्या बसण्याने लाकूड तिथं गुळगुळीत झालं होतं. मला दादांची फार आठवण आली, आणि मी उठले नाही.