रविवारची साडी

भाऊ आणि मी जन्मलो भिवंडीजवळ, राहनाळला. वाढलो मात्र केनियात. बाबा पॉवरलूम दुरुस्त करायचे. तिकडच्या एका कापड गिरणीला असा माणूस हवा होता म्हणून ते गेले, मागोमाग आई गेली, आणि आम्हाला बोलावून घेईपर्यंत आम्ही दोघं आत्याजवळ राहिलो. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी आली ती कायमची. माझ्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या. भावाला गोवर आला तेव्हा त्याच्या उशाशी तीच बसून होती. आम्ही निघालो त्या दिवशी भाऊ तिच्या पदराला असा चिकटला की काकांना त्याची बोटं ओढून सोडवावी लागली.

त्यानंतर आम्ही दोघं एकत्र कधी परतलोच नाही. मी एकदा लग्नाआधी आले होते, तेव्हा जुनंच घर होतं; तो एकदा कामानिमित्त मुंबईत दोन दिवस. आई आधीच गेली होती. गेल्या वर्षी बाबाही वारले आणि भाऊ म्हणाला, "ताई, आता आत्याच राहिली. जाऊन येऊ." ज्या देशात जन्मलो त्याच देशाचा व्हिसा काढून आम्ही निघालो.

दरम्यान गावातल्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिली होती. आमचीही जमीन गेली आणि काकांनी तीन मजली बंगला बांधला. बाबांनी जमिनीतला आपला हिस्सा काकांना सोडला तो एकाच बोलीवर: खालची अंगणाकडची खोली आत्याची, ती जिवंत असेपर्यंत. काका फोनवर म्हणाले होते, "दादा, हे काय सांगायला पाहिजे?"

आणि आम्ही ती खोली बघतही होतो. दर रविवारी दुपारी काकांच्या फोनवर व्हिडिओ कॉल व्हायचा. आत्या सोफ्यावर बसलेली, मागं खिडकीला निळा पडदा, अंगावर इस्त्रीची साडी. "बरी हाय मी. तुमी जेवलाव का?" एवढं बोलून होतं न होतं तोच काका फोन आपल्याकडे वळवायचे. बाबा शेवटच्या दुखण्यातसुद्धा उशीला टेकून हा कॉल घ्यायचे आणि मग समाधानानं डोळे मिटायचे. ते समाधान आठवलं की आजही माझ्या कानशिलांत रक्त चढतं.

आमचं विमान रद्द झालं आणि कंपनीनं आम्हाला एक दिवस आधीच्या विमानात जागा दिली. मी काकांना कळवायला निघाले, तर भाऊ म्हणाला, "नको, आत्याला चकित करू." मुंबईहून गाडी केली. मानकोलीला ट्रेलरच्या रांगेत अडकलो. ड्रायव्हर हिंदीत सगळ्या ट्रकवाल्यांचा उद्धार करत होता आणि भाऊ खिडकीला नाक लावून आमची शाळा शोधत होता. ती दिसली नाही.

दार काकीनं उघडलं. "आगो बाय! तुम्ही तर उद्या येणार होता!" असं म्हणाली आणि दारातच उभी राहिली. आत या म्हणायला तिला थोडा वेळ लागला.

"आत्या कुठं आहे?" भावानं चपला काढता काढता विचारलं.

"देवळात गेली हाय. येईल."

चहा झाला. पोहे झाले. काकी दोनदा आत जाऊन कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलून आली. दिवाणखान्यात मला तो सोफा दिसला. त्याच्यामागं खिडकी, खिडकीला निळा पडदा. आम्ही इतकी वर्षं जी आत्याची खोली समजत होतो तो बंगल्याचा दिवाणखाना होता. मी उठले आणि अंगणाकडच्या खोलीचं दार ढकललं. आत टेबल, संगणक, भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक आणि छतापर्यंत खोकी. काकांच्या मुलाचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस.

मागं वळले तर काकांची सून उभी होती. लग्न होऊन नवीनच आलेली, माझी तिची ओळखही नव्हती. ती एवढंच म्हणाली, "त्या देवळात नाहीत, ताई. दापोड्याच्या रस्त्यानं जा. गोडाऊनच्या मागं पत्र्याच्या खोल्या आहेत, लेबरच्या. शेवटची." आणि भांडी घासायला निघून गेली.

आम्ही चालत गेलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. गोडाऊनच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, समोर उघडं गटार, दोरीवर हमालांच्या लुंग्या. शेवटच्या खोलीच्या दारात स्टोव्ह पेटलेला आणि त्याच्यासमोर आत्या. विरलेला गाउन, खांद्यावर टॉवेल, कोपरापर्यंत पीठ. बाजूला पाच-सहा हमाल ताटं घेऊन बसलेले. "भैया, सबर करो, गरम देती हूँ," ती एकाला सांगत होती.

तिनं वर पाहिलं. आम्हाला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. पण तिच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं?

"तुमी उद्या येणार व्हताव ना? मी साडी न्हाय नेसले."

भाऊ तिथंच मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की दात एकमेकांवर घासायला लागले. काकांचा तर आलाच, पण तिचाही आला. मी तिच्यावरच ओरडले, "तू आम्हाला सांगितलं का नाहीस? दर रविवारी तोंडावर खोटं बोललीस! बाबांशीसुद्धा?"

तिनं हात धुतले, टॉवेलला पुसले. म्हणाली, "कुणाच्या फोनवर सांगू? तो समोर उभा असायचा. सोफ्यावर बसले न्हाय तर फोन लावणार न्हाय, असं म्हनला. तुमची तोंडं बघायला मिलत होती ना मना. मग बसले."

"आणि इथं कधीपासून आहेस?"

"बंगला झाला तवापासून. त्या खोलीत मी निजलेच न्हाय कवा."



भावाला तिनं उठवलं, ताटात चपाती-भाजी वाढून दिली आणि तो हमालांच्या शेजारी बसून डोळे पुसत जेवायला लागला. तेही मला सहन होईना. "जेवतोस काय? चल!" मी म्हणाले. आत्या माझ्यावरच डाफरली, "खाऊ दे त्याला. प्रवासातून आलाय तो."

आम्ही परतलो तोवर काका घरी आले होते. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, चेहऱ्यावर हसू. "अरे, फोन करायचा, गाडी पाठवली असती."

"आत्याला भेटून आलो," मी म्हणाले.

हसू गेलं, पण आवाज तसाच गोड राहिला. "तिला कुणी हाकललं नाही. तिलाच तिथं करमतं. चार माणसांत राहते, स्वैपाक करते. आणि तुम्ही सांभाळली असती का? तिकडं बसून बोलणं सोपं आहे, बाय. तुम्ही पाव्हणे, आज आलात, उद्या जाल."

"तिला करमत होतं तर दर रविवारी साडी नेसवून दिवाणखान्यात का बसवत होतात?"

आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाला मी अरे-तुरे केलं. शेजारची माणसं अंगणाबाहेर जमली आणि मला ते हवंच होतं. मी त्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझे बाबा फसून मेले, आणि फसवणारा त्यांच्या पाठचा भाऊ होता. मग मी अंगणाकडच्या खोलीत शिरले आणि खोकी बाहेर काढायला लागले. पाहता पाहता भाऊही आला. संगणकासकट टेबल उचलून त्यानं अंगणात नेऊन ठेवलं. काकांचा मुलगा अंगावर धावला, तेव्हा काकांनीच त्याला धरलं. लोक बघत होते ना.

खोली संध्याकाळपर्यंत रिकामी झाली. आम्ही आत्याला घ्यायला गेलो. ती यायला तयार नव्हती.

"त्या घरात मना जेवण उतरायचं न्हाय," ती म्हणाली. "तुमी भांडलाव, बरं केलंत. कुणीतरी भांडायला पायजे व्हतं. पण मी येणार न्हाय."

भाऊ म्हणाला, "मग आमच्याबरोबर चल." ती हसली. "तिकडं जाऊन मी कुणाशी बोलू?"

ती पत्र्याखाली राहणार नाही, एवढं मात्र मी लावून धरलं. पुढचे सगळे दिवस आम्ही खोल्या बघत फिरलो. शेवटी तिच्या ओळखीच्या एका विधवा बाईच्या चाळीत, राहनाळच्या तळ्याजवळ, पक्क्या भिंतींची खोली मिळाली. आत नळ, पुढं ओटा, स्वैपाकाला जागा. हमालांचं जेवण तिनं सोडलं नाही. ते आता तिथं येऊन डबे नेतात. भावानं तिला तिचा स्वतःचा फोन घेऊन दिला आणि वापरायला शिकवला.

काका निरोप द्यायला आले नाहीत. भाऊ आता म्हणतो, झालं ते झालं, म्हातारे झालेत ते, एकदा फोन कर. त्यानं केलाही. त्यावरून आम्हा बहीण-भावात महिनाभर अबोला होता. मी करणार नाही. माफ करणं हे मोठ्या मनाचं लक्षण असेल. माझं मन एवढंच आहे.

निघायच्या दिवशी आत्याला कवटाळून मी उभी राहिले, तर तिचं लक्ष स्टोव्हवरच्या वांग्यांकडे. दोन डबे करून तिनं भावाच्या हातात दिले आणि मला दाराकडे ढकललं. "आता निघा. मानकोलीला ट्रेलर अडकले तर विमान जाईल तुमचं." गाडी वळेपर्यंत मी मागं बघत होते. ती ओट्यावर आलीच नाही. वांगी करपली असती.