साबण म्हटलं की सोडायचं

दादाला कुणी पहिलवान म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सख्खा भाऊ आहे, तरी सांगते. लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचा तो. कुस्त्यांचे खेळ लावणाऱ्या एका ठेकेदाराने त्याचे दंड पाहिले, त्याला लाल चड्डी चढवली आणि गावभर भिंतींवर ‘पोलाद’ म्हणून त्याची चित्रं चिकटवली. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, लोकांना करमणूक हवी होती. दर शनिवारी पोलाद जिंकायचा. कोण जिंकणार ते शुक्रवारीच ठरलेलं असायचं.

हरायला आमचे हे. दादाबरोबर वखारीतच कामाला होते, तिथूनच आमचं लग्न जमलं. ह्यांनी काळा बुरखा घालायचा, दादाच्या डोळ्यांत भुकटी फेकायची, लोकांच्या शिव्या खायच्या आणि शेवटी उताणं पडायचं. घरात झुरळ मारायचं तरी मला हाक मारणारा माणूस!

त्यांच्या धंद्यात ‘मेलो, सोड’ हे नुसतं ओरडण्यापुरतं असतं. जितकं ओरडाल तितकी समोरच्याने पकड आवळायची, म्हणजे लोक खूश. म्हणून खरंच दुखलं तर कानात म्हणायला एक शब्द ठरवलेला असतो, एरवी चुकूनही तोंडात येणार नाही असा. ह्या दोघांचा शब्द होता ‘साबण’. साबण म्हटलं की लगेच सोडायचं.

एका शनिवारी दादाने ह्यांची मान सोडलीच नाही. हे किंचाळत होते आणि लोक टाळ्या पिटत होते. बुरखा काढला तेव्हा मानेखालचं सगळं अंग लुळं पडलं होतं.

“त्याने शब्दच म्हटला नाही,” दादा भेटेल त्याला सांगत सुटला. “मला काय स्वप्न पडणार होतं?”

ह्यांना विचारलं तर म्हणाले, “घाबरलो, नसेल आठवला.”

मला काही ते पटेना. बाजारात पिशवी विसरणं वेगळं आणि जिवावर बेतल्यावर तो शब्द विसरणं वेगळं. शब्द म्हटलाच नसेल, तर झाला तो अपघात. पण दादाने ऐकूनही दाबलं असेल, तर तो माझा कोणी नाही. एवढं एकच मला कळायला हवं होतं, आणि दोघेही दाद लागू देत नव्हते.

पोलादाचा भाव मात्र वधारला. हा खरीखुरी मान मोडतो म्हणून खेळाला झुंबड उडू लागली. दादाने नवा सूट शिवला, एक दात सोन्याचा बसवला. आजाऱ्यासाठी म्हणून फळं आणायचा आणि खाटेशी बसून स्वतःच सोलून खायचा. मेल्याला लाज कशी ती नव्हतीच.

एका रविवारी न्हावी ह्यांची दाढी करायला आला होता. प्रत्यक्ष पोलाद समोर बसलेला पाहून त्याला काय करू नि काय नको झालं. त्याने दादाला असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की दादा फुगतच गेला. तेवढ्यात न्हाव्याने मला सांगितलं, “वहिनी, जरा साबण द्या.”

दादा खदाखदा हसला. “अरे, तो शब्द ह्याच्यापुढे काढू नकोस. त्या दिवशी माझ्या कानाशी साबण साबण करून नुसता जीव खाल्ला ह्याने. पण लोक असे काही पेटले होते...”

आणि घाईघाईने चहाचा कप तोंडाला लावला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे बघत होते.

“म्हणजे तुम्ही म्हटला होतात,” मी म्हटलं.

“तुझ्या माहेरचं एवढं एकच माणूस उरलंय,” हे म्हणाले. “ते कशाला तोडू?”

मी दादाच्या हातातला कप काढून घेतला. “ऊठ. पुन्हा ह्या घराची पायरी चढायची नाही.”

मला वाटलं, आता तरी हा रडेल, पाया पडेल, निदान खाटेकडे एकदा बघेल. कसलं काय. बूट चढवता चढवता म्हणाला, “तू काही म्हण, पण त्या दिवशी अख्खा हॉल उभा राहिला होता.”

मी दार लावून घेतलं. जिन्यात शेजारी भेटले असावेत, त्यांनाही तो तेच सांगत होता.