नानांचा फुगा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि तिच्यापासून तर माझ्या खिशातला पेढासुद्धा लपत नाही.

आमच्या गोतावळ्यात लग्न असो की बारसं, जेवणं उरकली की मी ‘नानांचा फुगा’ सांगतो. लोक पोट धरून हसतात. नाना, म्हणजे बायकोचे काका, तेही हसतात. तुम्हीही हसला असता.

जळगावच्या एमआयडीसीत आम्ही दोघं एकाच भट्टीवर होतो; मला तिथे चिकटवलं नानांनीच. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा साच्यावर आवळून तापवायचा आणि वरून गॅसचा दाब द्यायचा — अगदी हळू. मग तो ताणत ताणत साच्याच्या कानाकोपऱ्यात जाऊन बसतो. खापरावर टाकायचा पुरणाचा मांडा बायका हातांवर कसा वाढवतात? तसंच. घाई केली की भोक. नाना सारखे म्हणायचे, “धीरे, जावईबापू. पत्रा शे, रबर नही.”

त्या दिवशी मला दोंडाईच्याला जेवणाचं आमंत्रण होतं — मांड्यांचंच. बस निघून जाईल म्हणून जीव खालीवर होत होता. नाना वाल्व ठरल्या खुणेवर ठेवून चहाला गेले. जाताना म्हणाले, “हात नका लावज्यात.”

मी लावला. वाल्व जेमतेम एक आटा पुढे फिरवला. आत ‘फस्स’ झालं, पत्रा कोपऱ्यात फाटला. आणि मी — वाल्व तसाच सोडून हात धुवायला गेलो.

साहेबांनी विचारलं, गॅसवर कोण होतं? मी म्हणालो, “ड्युटी नानांची होती.” शब्दन् शब्द खरा. इतकं स्वच्छ खोटं मला पुन्हा कधी जमलं नाही.

नानांनी वाल्व पाहिला, मग स्वतःचा हात पाहिला. “मन्हाच हातथून जास्त फिरना व्हई,” म्हणाले. माझा संशय? घरच्या जावयाचा संशय कोण घेतं? त्यांना पॅकिंगला बसवलं. भट्टी मला मिळाली.

एवढ्यावर थांबलो असतो तर भित्रा म्हणून सुटलो असतो. पण मी त्याचा किस्सा केला. चहाच्या नादात पत्र्याचा फुगा फोडणारे नाना — आवाजासकट. निवृत्तीनंतर ते भडगावच्या घरात शेगडीचं बटण तीन-तीनदा चाचपून बघू लागले, तेही मी किस्स्याच्या शेवटी जोडलं. तिथे हशा सगळ्यात मोठा पडतो.

परवा धुळ्याला एका साखरपुड्यात पुन्हा सांगितला. उठताना नाना हळूच म्हणाले, “सांगतस भारी तुम्ही, जावईबापू. पन हात कसा चुकना, आजून समजत नही.”

इतकी वर्षं ते हेच शोधतायत?

येत्या रविवारी मी भडगावला जाणार आहे. घरातल्या सगळ्यांदेखत सांगणार — वाल्व मी फिरवला. हसू नका, हा किस्सा नाही. नानांचा हात कधीच चुकला नव्हता.