गुणवंतरावांच्या वाट्याचा तुकडा

गुणवंतराव वनरक्षक म्हणून बत्तीस वर्षं जंगल चालले. व्याघ्रगणनेत आपल्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, आखून दिलेली वाट पहाटे चालायची, दिसेल ते लिहायचं आणि काहीच दिसलं नाही तर ‘निरंक’ लिहायचं. त्यांच्या वह्यांत वाघ चार आणि निरंक हजारो. साहेबांना वाघ आवडत. पण न चालता लिहिलेलं निरंक हा गुन्हाच, असं गुणवंतरावांचं मत होतं, आणि ते मोठ्याने बोलून दाखवल्यामुळे त्यांची बढती दोनदा लांबली.

निवृत्तीनंतर ते मूल या गावी स्थायिक झाले. मुलगी दिव्यानी नोकरीसाठी हैदराबादला जाताना आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेली आणि त्याला एक काम लावून गेली. आकाशात कुठे कुठे मेलेले तारे गरगरत असतात आणि त्यांच्यामुळे अवकाशालाच बारीक थरथर सुटते म्हणे. ती टिपणारी यंत्रं परदेशात आहेत, पण त्यांच्या नोंदींत खरखरच फार. तारा कोणत्या दिशेला, किती वेगाने फिरतोय, काहीच ठाऊक नाही. म्हणून एकेक अंदाज धरायचा आणि तीच नोंद पुन्हा चाळायची. अंदाज कोट्यवधींच्या पलीकडे. एवढं गणित एका यंत्राला झेपत नाही, तेव्हा तुकडे करून जगभरच्या घरांत वाटतात. प्रत्येक तुकड्याला चौदा दिवसांची मुदत. इतकं करून असा तारा अजून एकही सापडलेला नाही.

हे ऐकून गुणवंतराव खुर्ची ओढून बसले. काम ओळखीचं होतं.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला आणि कॉम्प्युटर रोज दुपारी तापून बंद पडू लागला. मुदत गुरुवारची, सोमवारी तुकडा निम्माच झाला होता. राहिला तर दुसऱ्या कोणाला देतील, जगाचं काही अडत नाही, असं दिव्यानीने फोनवर सांगितलं.

“अर्धी बीट चालून मी कधी घरी आलो का?” गुणवंतराव म्हणाले, आणि घरातला एकुलता एक कूलर त्यांनी कॉम्प्युटरकडे वळवला.

सुगंधाबाई स्वयंपाकघरातून घामाघूम बाहेर आल्या. “अजी, माणूस शिजून राह्यलं आन् हवा डब्ब्याले?”

“गुरुवारपर्यंत, अवं.”

“काय शोधून राह्यला तो?”

“तारा. मेलेला.”

“मेलेला ना? मंग त्याले कायची घाई हाये?”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत असा खुलासा त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता.

सुगंधाबाईंनी डब्ब्यावर हात फिरवला. पत्रा ओलसर लागला. “गंजून मरन तो या हवेनं. धानाच्या खोलीत न्या त्याले. मातीच्या भिंती हायेत, भर दुपारी बी थंड रायते. आता रिकामीच हाये, झाडून ठेवली मी.”

उन्हाळ्यात वाघ दुपारचा कुठे बसतो हे नेमकं सांगणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं. ते वायरी सोडवू लागले.

बुधवारी संध्याकाळी तुकडा पुरा होऊन रवाना झाला. एकाच घरावर भरवसा ठेवायची तिकडे पद्धत नाही. तोच तुकडा आणखी एका अनोळखी घरी दिलेला असतो, मग दोन्ही उत्तरं ताडून बघतात. शुक्रवारी पडद्यावर त्या घराच्या देशाच्या नावासकट आलं, जुळलं.

“भेटला का तारा?” सुगंधाबाईंनी दारातून विचारलं.

“ते नाई सांगत. दोघायचं जुळलं, एवढंच.”

“दुसरा कोन?”

“नॉर्वेचा हाये कोनी.”

“तिथी ऊन किती?”

“तिथी कायचं ऊन! बरफ रायते.”

सुगंधाबाईंनी पदराने मान पुसली. “मंग त्यानं काय मोठं केलं?”