दोरीवाल्या बाई

दोरीवाल्या बाईंना मी महोत्सवाला एकटं जाताना कधी पाहिलं नाही. नदी महोत्सव असो, देशी बियाण्यांचं प्रदर्शन असो, कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीची दहा-बारा मुलं त्यांच्या मागे असायचीच. जुन्या सुती साडीची वळलेली दोरी, तिला गाठी, प्रत्येक गाठीला एक मूल. पुढे बाई, शेवटच्या गाठीमागे कुणाचा तरी बाप. त्याला त्या 'शेपूट' म्हणत. शेपटाला एकच नियम होता : फोन खिशात.

बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं कोरडं. 'प्लॅस्टिक टाळा' अशा फ्लेक्ससमोर त्यांनी एकदा मुलांना थांबवलं. "हे प्लॅस्टिकवर छापलंय. वाचून झालं की टाळा." कार्यकर्ता मुलांना फुकटच्या टोप्या वाटायला आला, तर म्हणाल्या, "राहू द्या. डोकी आणलीत त्यांनी."

मंडपात त्या फार रमत नसत. मुलांना मुठेच्या काठावर न्यायच्या आणि वासाबद्दल लिहायला सांगायच्या. "चित्रं काय, सगळेच निळी काढतात." आमच्या शेजारच्या ओजसनं लिहिलं, 'गटारासारखा.' फलकावर कागद लावणाऱ्या ताई म्हणाल्या, "जरा चांगलं लिहू या का, बाळा?" बाईंनी तो कागद स्वतःच्या हातानं मधोमध लावला.

त्याच दिवशी दुपारी शेपूट मी होतो. माझी मुलगी पुढच्या एका गाठीला, ओजस शेवटच्या. घाटाच्या पायऱ्या उतरताना ऑफिसचा फोन वाजला. मी घेतला. नुसता घेतला नाही, नीट ऐकू यावं म्हणून पाठ फिरवून चार पावलं बाजूला गेलो. ओजसला पाण्याच्या कडेला खेकडा दिसला, त्यानं गाठ सोडली. शेवाळावरून तो घसरला तेव्हा मी कुणाला तरी "सोमवारी पाठवतो" असं सांगत होतो.

कोपर मोडलं. दोनदा शस्त्रक्रिया होऊनही हात पुरता सरळ झाला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सगळे सोसायटीच्या ऑफिसात जमले. "लक्ष कुणाचं होतं?" ओजसच्या आईनं विचारलं. बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी खाली बघत राहिलो. बाई म्हणाल्या, "मुलं मी नेली होती." त्यावर त्यांना जे ऐकवलं गेलं, ते मी शेवटपर्यंत बसून ऐकलं. निघताना ओजसचे वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून त्याला लगेच दवाखान्यात तरी नेलं." तेव्हाही मी बोललो नाही.

पुढच्या वर्षी महोत्सवाचं पत्रक बाईंनी लिफ्टजवळ लावलं. एकही नाव आलं नाही. आठवड्यानं त्यांनीच ते काढलं. मग घर भाड्यानं देऊन त्या विश्रांतवाडीला बहिणीकडे राहायला गेल्या.

तीन वर्षांनी मी तिथे गेलो. जे घडलं ते त्यांना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. "अहो, मला काय सांगताय? मी वळून पाहिलं होतं. तुमची पाठ दिसली."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमची मुलगी दारात उभी होती." त्यांनी पुढची शेंग उचलली. "आणि वाटलं, तुम्हीच बोलाल."

सोसायटीत सांगतो, असं कबूल करून मी उठलो. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. विश्वास बसला असं काही त्यांच्या आवाजात नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. मी आणखी दोन वर्षं घालवली. या मार्चमध्ये बाई गेल्या.

तेराव्यानंतरच्या रविवारी ओजसच्या घरची बेल वाजवली. त्याची आई "आत या ना" म्हणाली. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं, फोनसकट. बाईंशी ती त्या संध्याकाळनंतर कधी बोलली नव्हती. जिन्यात भेटल्या तर मान फिरवायची.

"त्या गेल्यावर सांगताय," ती म्हणाली. "आता मी कुणाकडे जाऊ?"