अप्पांचं नाक

करोनाच्या तापातून अप्पा उठले, पण त्यांना वास येणं बंद झालं ते परत सुरू झालंच नाही. घरी आईला हे ठाऊक होतं. वर्कशॉपमध्ये फक्त मला.

वर्कशॉप अप्पांचं आणि धाकट्या काकांचं, अर्धं अर्धं. पुढे काका पाण्याचे नवे पंप विकायचे, मागे अप्पांचं दुरुस्तीचं टेबल. काकांना ते टेबल काढून तिथेही पंप मांडायचे होते. ते निमित्त शोधत होते आणि अप्पा ते त्यांना मिळू देत नव्हते. कार्बोरेटरच्या कामात कुंभकोणम्‌मध्ये अप्पांचं नाव होतं. शेतातली इंजिनं यायची, किनाऱ्यावरून होड्यांच्या मोटरीही यायच्या. पण ज्याला गळणाऱ्या पेट्रोलचा वास येत नाही त्याच्याकडे कार्बोरेटर कोण देईल? म्हणून कॉलेज संपवून नोकरी शोधत घरी बसलेल्या मला त्यांनी सोबत न्यायला सुरुवात केली. सांगायला कारण होतं: मोटरींबरोबर येणारी इंग्रजी पुस्तकं त्यांना वाचून दाखवायची.

खरं काम वेगळं होतं. मोटर सुरू झाली की अप्पा आमच्या घरच्या तंजावरी मराठीत विचारायचे, "भूक लागली कीं?" पेट्रोलचा वास येत असेल तर मी म्हणायची, "लागली." मग ते काहीतरी आठवल्यासारखं करून पुन्हा स्क्रू उघडायचे. गिऱ्हाइकांना मराठी कळत नसे. काकांना कळे, पण त्यांना एवढंच वाटे की मुलगी सदा उपाशी आहे. एक-दोनदा त्यांनी माझ्यासाठी वडे मागवले. मी ते खाल्लेही.

त्या दिवशी सकाळी एक होडीवाला आपली मोटर छोट्या टेम्पोत घालून घेऊन आला. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळून होडीच्या तळाशी साचत होतं आणि मागच्या आठवड्यात ते पेटलं होतं. त्याने शर्टाची बाही वर करून हात दाखवला. कोपरापर्यंत कातडी गुलाबी आणि चकचकीत झाली होती.

अप्पांनी कार्बोरेटर उतरवला. खालची वाटी उघडली, सुई काढून तिचं टोक भिंगातून पाहिलं, तरंगणारा फ्लोट दोन बोटांत हलवून त्याची उंची मोजली. सुईच्या बसण्याच्या जागी कचरा होता. तो साफ केला. मी पुस्तकातली पानं वाचून दाखवत होते. वाटी परत बसवताना त्यांनी कडेचं जुनंच रबरी गॅस्केट वापरलं.

मग मोटर पाण्याने भरलेल्या ड्रमला अडकवली. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा अप्पांनी दाबून दाबून घट्ट केला, दोरी ओढली. मोटर सुरू झाली आणि ड्रममधलं पाणी चहूकडे उडू लागलं. मोटर भिजली, अप्पांचे हात भिजले. अशा ओलीत कुठला थेंब पाण्याचा आणि कुठला पेट्रोलचा हे हाताला समजत नाही.

होडीवाल्याने मला सहज विचारलं, "कुठल्या कॉलेजात शिकलीस, मा?" मला उत्तर जुळवायला नेहमीसारखा वेळ लागला.

"तिला विचारू नका," अप्पा तमिळमध्ये म्हणाले. "चौदा वर्षं इंग्लिश शाळेत घातली, तिथे तोंड उघडायचं विसरून आली. पुस्तक पुढे धरलं की बोलते. रेडिओ आहे, बटण दाबावं लागतं."

होडीवाला हसला. पुढून काका म्हणाले, "बटण कुठलं ते नवऱ्या मुलाला लिहून द्यायला हवं." अप्पाही हसले. काकांचं मला काही वाटलं नाही. अप्पांचं लागलं.

ते हसू तोंडावर असतानाच त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "भूक लागली कीं?"

वास मला आधीच आला होता. वाटीच्या कडेला एक थेंब धरला होता, तो पडला, दुसरा धरला.

"नाहीं," मी म्हणाले. त्या जागेत मी इतक्या स्पष्ट आवाजात कधी बोलले नव्हते.

"झालं," अप्पांनी होडीवाल्याला सांगितलं. "न्या आता. निर्धास्त समुद्रात जा."

तेवढ्यात काका मागे आले आणि थबकले. "अण्णा, वास कसला येतोय?"

"ऑइलचा. ड्रममध्ये साचलंय."

वाकून त्यांनी वाटीखाली बोट लावलं, हुंगलं. मग अप्पांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. मोटर बंद केली. टेबलावरून दोन चिंध्या घेतल्या आणि आमच्याकडे पाठ करून त्या भिजवल्या.

"अण्णा, यातली पेट्रोलची कुठली?" एकेक चिंधी त्यांनी अप्पांच्या नाकाखाली धरली.

"काय पोरखेळ लावलायस?"

"सांग की. गिऱ्हाईक उभं आहे."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे. नुसतं बोट हलवलं असतं तरी त्यांना पुरलं असतं.

"ही," अप्पा डावीकडे बघून म्हणाले.

"आणि उजवी?"

"पाण्याची."

काकांनी दोन्ही चिंध्या होडीवाल्याच्या हातात दिल्या. त्याने हुंगल्या आणि मान खाली घातली. दोन्ही पेट्रोलच्या होत्या.

"किती दिवस चाललंय हे?" काकांनी विचारलं. मग ते माझ्याकडे वळले. "आणि तू? तू तर इथेच उभी होतीस. तुझंही नाक गेलं?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "तिला सर्दी झालीय."

मला सर्दी नव्हती. सकाळी बसमधून येताना कॉफीच्या दुकानासमोर मीच त्यांना म्हणाले होते, आज कॉफी ताजी भाजलीय.

होडीवाल्याने बाही खाली ओढून बटण लावलं. "राहू द्या मेस्त्री," तो म्हणाला. त्याने स्वतःच मोटर ड्रमवरून सोडवली आणि टेम्पोत ठेवली. काका त्याला दुसऱ्या मेस्त्रीचा पत्ता सांगत रस्त्यापर्यंत गेले.

टेबल त्याच आठवड्यात हललं. त्या जागी निळ्या रंगाचे पंप आले आणि अप्पांना पुढे दाराशी प्लास्टिकची खुर्ची मिळाली. येणाऱ्याला "आत या" म्हणायचं, एवढंच काम. जुनी गिऱ्हाइकं त्यांच्याशी बोलताना आवाज चढवू लागली, जणू त्यांचे कानच गेले होते.

एका संध्याकाळी घरी त्यांनी त्या मोटरीचं पुस्तक काढलं. वाटीचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, वाच. मी वाचलं. वाटी उघडली की दर वेळी गॅस्केट नवंच घालावं, असं त्यात होतं.

"हे तू त्या दिवशी वाचलं होतंस?"

"वाचलं होतं."

"मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "मग चूक माझीच."

त्यांनी पुस्तकावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं आणि पुढचं वाचू लागले.