माहेरचं लुगडं

ती घटना आठवली की आजही माझ्या अंगावर काटा येतो, आणि मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही.

अमळनेरला जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. त्यात एका कापूस व्यापाऱ्याच्या बंगल्यातून आलेलं विवस्त्र बाईचं मोठं, काच लावलेलं चित्र होतं. अश्लीलतेची तक्रार आली, काहींनी ते जाळायची भाषा केली. तिथला पोलीस अधिकारी म्हणून मी बंदोबस्त लावला. पण कुलूप शाबूत असताना रोज सकाळी चित्राखाली हिरवं लुगडं पडलेलं सापडू लागलं आणि काचेवर, कपाळाच्या जागी, ओलं कुंकू. आदल्या दिवशी घोषणा देणारेच हात जोडू लागले. आपल्याकडे माणूस उघड्या बाईला दगड तरी मारतो नाहीतर नारळ तरी फोडतो.

कापडबाजारातल्या माझ्या खबऱ्याने लुगडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, हाई मयतनं लुगडं शे." म्हणजे मेलेल्या सवाष्णीवर घालतात ते.

मी जाबजबाब सुरू केले. एका आबांनी सांगितलं, पूर्वी पंगत उठली की शेठ पाहुण्यांना मिशीवर ताव देत हे चित्र दाखवायचे. तक्रारदाराने ते मोबाईलवर मोठं करकरून दाखवलं. प्रत्येकाला तिचं अंग पाठ होतं. चेहरा कसा आहे, असं विचारलं की सगळे पुन्हा अंगाचंच सांगायचे. आमच्या पंचनाम्यातही चेहऱ्याबद्दल एक ओळ नव्हती.

म्हणून मी चेहरा बघायला गेलो. काचेत माझ्यामागे आणखी एक चेहरा दिसला. तोच, फक्त सत्तरीचा. वळून पाहिलं तर हॉल झाडणारी अक्का उभी होती. दुसरी किल्ली तिच्याकडे असते, हे व्यवस्थापकाला सांगावंसंही वाटलं नव्हतं.

"मन्ही माय शे ती," अक्का म्हणाली. "पोटनाकरता बसनी शेठपुढे. भाऊस्नी दार लायी लिधं. मरनी तवय माहेरनं लुगडं उनं नही. मी घालस, पन पडी जास. लेकनं लुगडं चालत नही तिले."

सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं. भावांनी दार लावलं, ते आलंच नाही, म्हणून माय अजून उघडी, एवढंच तिचं म्हणणं होतं. यात गुन्हा कसला? मी स्वतः पारोळ्याजवळच्या त्या माहेरी गेलो. अक्काच्या म्हाताऱ्या मामेभावाने आधी बसासुद्धा म्हटलं नाही. चित्रातल्या नुसत्या चेहऱ्याचा फोटो त्याच्यापुढे ठेवून मी परतलो. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मात्र तो लुगडं घेऊन आला आणि त्याने ते स्वतः चौकटीवर घातलं.

खिळा ठोकू का, असं मी विचारलं. अक्काने नको म्हणून मान हलवली. दोन्ही किल्ल्या मी खिशात ठेवल्या आणि सकाळी कुलूप स्वतः उघडलं.

लुगडं जागेवर होतं.

ते का टिकलं, मला सांगता येणार नाही. एवढं शिकलो, की पुढे नोकरीभर प्रत्येक पंचनाम्यात आधी चेहरा लिहिला, मग बाकीचं.